न दुखणारी सूज

जळगाव-धुळ्याकडचे रुग्ण जबड्याची सूज घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा अनेकांचे म्हणणे एकच असते, ‘‘डॉक्टर, दुखत नव्हतं, म्हणून राहू दिलं.’’ घोटाळा होतो तो इथेच.

अमेलोब्लास्टोमा ही गाठ दात घडवणाऱ्या पेशींपासून होते, बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे. ती सहसा कर्करोगाची नसते. पण वर्षानुवर्षे न दुखता हाड पोखरते. दात हलतात, चेहरा एका बाजूने फुगतो. एक्स-रेत पुष्कळदा साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात. तुकडा तपासून निदान पक्के होते.

नुसती खरवडली, तर ती पुष्कळदा उलटते. म्हणून भोवतालच्या एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाडासह काढावी लागते. मग जबड्याचे काय? नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून तिथे जोडता येते. रुग्ण पुन्हा चालतो, जेवतो. गाठ लहान असतानाच आलात, तर जबड्याची खालची कड वाचू शकते.

धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होतेच. जळगावलाही ते २०१८ साली सुरू झाले. पहिल्या तपासणीसाठी मुंबई गाठायला नको. सूज दोन-तीन आठवडे टिकली, तर दुखण्याची वाट पाहू नका, दाखवाच.