कोल्हा आणि वाडीचे कुंपण

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आपण मुलांना हसत हसत शिकवितो. परंतु ज्या माउलीच्या खुराड्यातून एका रात्रीत पाचसहा कोंबड्या नाहीशा झाल्या, तिला त्या म्हणीचे हसू येत नाही. अंडी विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या घराला हा तोटा लहान नव्हे. आणि सकाळी उठून पाहावे तर काय? कुंपण जागच्या जागी उभे, तार तुटलेली नाही, फाटकाची कडी लावलेली तशीच. फक्त कुंपणाच्या तळाशी एके ठिकाणी हातभर उकरलेली माती. चोर वरून आलाच नव्हता.

सुरत जिल्ह्यातील गावांना हा अनुभव नवा नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. तापीवरील काकरापारचा बंधारा आणि पुढे १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या पाण्याने बारडोली, कामरेज, मांडवी हा मुलूख उसाने भरून गेला. उसाचा फड म्हणजे कोल्ह्याचे हक्काचे घर. तेथे दाट आडोसा, जवळच पाटाचे पाणी आणि उंदीरघुशींचा सुकाळ. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात. खानदेशातून व डांगातून कोयता घेऊन आलेली आपली माणसे फडामागून फड तोडू लागतात, आणि कोल्ह्याचे ते घर मोडते. पुढे मादीला पिले होतात. आडोसा नाहीसा व्हावा आणि त्याच वेळी खाणारी तोंडे वाढावी, असा हा योग आहे. मग तो गावाकडे वळतो, यात नवल ते कोणते? अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे वर्णन आपल्याच गावाचे वाटेल.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत आपण ज्याला कोल्हा म्हणतो त्याला सुरतेकडे ‘शियाळ’ म्हणतात. त्याचे वजन साधारण आठ ते दहा किलो भरते. खोकड, म्हणजे गुजरातीतील ‘लोंकडी’, हा निराळा प्राणी. तो जेमतेम दोनतीन किलोंचा, शेपटीच्या टोकाला काळा, मोकळ्या माळावर बिळे करून राहणारा आणि बहुतेक उंदीर, टोळ, सरडे यांवर गुजराण करणारा. कोंबडीचोर म्हणून बदनाम होतो खोकड, आणि हात मारतो बहुधा कोल्हा. (‘गीतरत्न’ या पुस्तकात द्राक्षमळे नासविणाऱ्या लहानग्या प्राण्यांचा उल्लेख आहे, तेथील मूळ हिब्रू शब्दाने कोल्हा समजावा की खोकड, याविषयी पंडितांमध्ये अजून वाद आहे. तेव्हा आपल्या गावकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही.) कुंपण घालणाराने मात्र दोघांचाही विचार करावा, कारण उकरण्याची कला दोघांनाही अवगत आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? विषाची गोळी टाकली की काम झाले. असे करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही प्राण्यांना संरक्षण दिले आहे. शिवाय ते विष गावातील कुत्री, घुबडे, घारी यांच्याही पोटात जाते, आणि कोल्हा मेला की फडातील उंदरांना मोकळे रान मिळते. घरातील वीज कुंपणाच्या तारेत सोडणे हा तर गुन्हाच. रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी अशा तारेला चिकटून गतप्राण झाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. कोंबडीच्या मोलाने माणसाचा जीव जाऊ देणे कोणत्याही ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

तर मग कुंपण कसे असावे? बहुतेक लोक पैसा उंचीवर खर्च करतात. पाच फुटांचे सहा केले, वर काटेरी तारेचा आणखी एक पदर ओढला, म्हणजे निर्धास्त झालो असे त्यांना वाटते. गुजरात सरकारच्या साहाय्याने शेताभोवती जे काटेरी तारेचे कुंपण घालतात, ते गुरांना व नीलगाईंना अडविण्यास ठीक. परंतु दोन तारांमधून किंवा सर्वांत खालच्या तारेखालून कोल्हा सहज निसटतो. थोर, शेर किंवा सागरगोटा यांची हिरवी वई उत्तम खरी, पण ती वर दाटते आणि बुडाशी विरळ होते. नेमकी तेथेच कोल्ह्याची वाट पडते.

उकरणाऱ्या प्राण्याची एक खोड आहे. तो अडथळ्याला नाक लावून अगदी त्याच्या पायथ्याशीच उकरू लागतो. दोन पावले मागे सरून तेथून भुयार खणावे, हे सहसा त्याला सुचत नाही. आपली सारी युक्ती या खोडीवर उभारावयाची. उभ्या जाळीच्या तळाशी दोन फूट रुंदीची जाळीची दुसरी पट्टी तारेने घट्ट बांधावी आणि ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर पदरासारखी पसरावी. हातभर अंतरावर लोखंडी आकडे ठोकून ती जमिनीशी खिळवावी, तिच्यावर चारसहा बोटे माती लोटावी आणि कडेला जड दगड मांडावेत. कोल्हा पायथ्याशी आला की त्याचे पंजे जाळीवरच पडतात. थोडा वेळ खरवडतो आणि जातो. ज्यांना खणण्याची हौस व ताकद आहे त्यांनी जाळी फूटभर खोल पुरून तिचे टोक बाहेर वळवावे; फळ तेच मिळते, श्रम मात्र तिप्पट. हा पदर आतल्या बाजूला घालून उपयोग नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, जाड तारेची आणि दोन इंचांहून मोठी भोके नसलेली घ्यावी. बाजारात मिळणारी षट्कोनी भोकांची पातळ जाळी पिलांना कोंडावयास बरी, पण कोल्हा ती दातांनी तोडतो आणि समुद्राकडील ओलपाड, चोऱ्याशी भागातील खाऱ्या हवेत ती लवकरच गंजून जाते.

सुरतेची काळी माती ही आणखी एक अडचण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दीड फूट पुरलेला खांब दोन वर्षांत मद्यप्यासारखा कलतो. म्हणून खड्डा निदान अडीच फूट खोल घ्यावा, त्यात मातीऐवजी मुरूम व दगडांचा चुरा थराथराने पहारीने ठोकून भरावा, आणि कोपऱ्यावरच्या खांबांना तिरपा टेका द्यावा. बाभळीचा खांब वापरणाऱ्यांनी पुरावयाचा भाग जाळून काळा करून वर डांबर द्यावे. वाळवीला ते मानवत नाही. उन्हाळ्यात भेगा कुंपणाच्या रेषेत पडल्या तर त्या त्वरित बुजवाव्यात, कारण कोल्ह्याला अर्धे काम झालेले आयते मिळते.

सर्वांत दुबळी जागा फाटकाची. फाटकाखाली चार बोटे फट आणि खाली भुसभुशीत माती असेल, तर बाकीचे सारे कुंपण व्यर्थ आहे. तेथे फूटभर खोल चर खणून दगडचुन्याचा किंवा सिमेंटचा उंबरठा घालावा. सांडपाण्याच्या मोरीच्या तोंडाशी गज बसवावेत.

आणि संबंध वाडीला असे कुंपण झेपत नसेल, तर कष्टी होऊ नये. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा कोंबड्यांच्या आवाराला सत्तर फूट जाळी पुरते. काकडी-कलिंगडाचा वाफा थोडा लुटला गेला तर सोसता येतो. रात्री कोंबड्या पक्क्या तळाच्या खुराड्यात बंद केल्याच पाहिजेत, आणि मेलेले वासरू किंवा कोंबड्यांची घाण गावकुसाबाहेर उघडी टाकणे बंद केले पाहिजे; नाहीतर आपणच पाहुण्याला आमंत्रण देतो.

एक गोष्ट घरातील मुलांना बजावून ठेवावी. दिवसाढवळ्या निर्भयपणे अंगावर येणारा, झोकांड्या खाणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. २०२४ साली मुंबईच्या चेंबूर परिसरात कोल्ह्यांमध्ये हा रोग आढळला होता. चावा किंवा ओरखडा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पाव तास धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. मिरची, चुना, मांत्रिक यांत एक घटकाही दवडू नये.

कामाचा मुहूर्त म्हणाल, तर आश्विन उत्तम. वैशाखात काळी माती दगडासारखी होते आणि पहार उडते. श्रावणात खड्ड्यात पाणी भरते. आश्विनात मातीत ओल असते, आणि ऊसतोड सुरू होण्यापूर्वी हाताशी थोडे दिवस असतात. पहिले वर्षभर पदरावरचे दगड हलवू नयेत. पुढच्या आषाढात गवत जाळीतून वर येते, त्याची मुळे तारेभोवती आवळतात, आणि मग ते दगड चुलीला किंवा पायरीला काढून न्यावयास हरकत नाही.