गोंडस विमानं, उसन्या कल्पना

पंख फुटलेलं इवलंसं विमान, बॉम्ब टाकणारा पेंग्विन, झाडूवर बसलेली हावरट चेटकीण... जपानी व्हिडिओ गेम्समधल्या या लाडक्या मंडळींनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरातून बिनदिक्कत कल्पना उचलल्या. याला चोरी म्हणायचं की आणखी काही?

गेल्या पावसाळ्यात माझा सहावीतला भाचा शाळेतून चेहरा पाडून घरी आला. चित्रकला स्पर्धेचा विषय होता 'माझ्या स्वप्नातलं वाहन'. त्यानं एक गोल गरगरीत विमान काढलं होतं. त्याला दोन पांढरे पंख, खाली दोन पाय आणि भोवती गुलाबी-पोपटी डोंगर. परीक्षकांपैकी कुणीतरी ते बरोबर ओळखलं. 'हे व्हिडिओ गेममधलं आहे, कल्पना स्वतःची नाही' असा शेरा मिळून चित्र बाजूला पडलं. पोरगं रडलं नाही. पण रात्री जेवताना त्यानं हळूच विचारलं, ''मावशी, मी चोरी केली का गं?''

चटकन उत्तर देता येईना. कारण ज्या विमानावरून त्यानं ते चित्र काढलं होतं, त्या विमानाचाच जन्म उसनवारीतून झाला होता!

त्या विमानाचं नाव ओपा-ओपा. गेमचं नाव 'फॅन्टसी झोन'. जपानच्या सेगा कंपनीनं १९८६ साली तो बाजारात आणला. योजी इशिई हे त्याचे रचनाकार. त्या काळात गेममधलं आकाश म्हटलं की काळंकुट्ट अवकाश, करडी यानं आणि लाल स्फोट एवढंच असायचं. इशिईंनी त्यात थेट मिठाईच्या दुकानातले रंग ओतले. ओपा-ओपा जमिनीवर उतरला की पंख मिटून चक्क दुडुदुडु चालायचा. शत्रू मेला की नाणी पडायची. ती गोळा करून फुग्यासारख्या तरंगत्या दुकानात जायचं आणि बॉम्ब, लेझर, इंजिन विकत घ्यायचं. गंमत म्हणजे एकदा घेतलेली वस्तू पुन्हा घ्यायला गेलात, की भाव वाढलेला! आणि शेवटी कळतं, की शत्रूंचा म्होरक्या म्हणजे ओपा-ओपाचा स्वतःचाच बाप. आपल्याकडच्या कुठल्याही हिंदी सिनेमाला शोभेल असा क्लायमॅक्स.

पण गोड रंगांच्या खाली सांगाडा पाहा. विमान डावीकडेही जातं, उजवीकडेही जातं आणि जग गोल फिरून पुन्हा पहिल्याच जागी येतं. ही युक्ती १९८१ सालच्या अमेरिकन 'डिफेंडर'ची आहे. शिकागोच्या विल्यम्स कंपनीसाठी युजीन जार्विस यांच्या टीमनं तो गेम बनवला होता. इतका अवघड, की नवशिक्याचं नाणं मिनिटभरात गिळून मोकळा व्हायचा. त्याच वर्षी जपानच्या कोनामी कंपनीनं 'स्क्रँबल' आणला. त्यात पडदा आपोआप उजवीकडून डावीकडे सरकत राहतो, मागे वळायची सोयच नाही. पुढे आलेल्या आडव्या सरकणाऱ्या बहुतेक सगळ्या विमानी खेळांची कुळकथा या दोन घराण्यांपाशी जाऊन पोहोचते.

आणखी मागे जायचं, तर १९७८ साली टायटो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनीही आपल्याला अटारी कंपनीच्या 'ब्रेकआउट'वरून सुचल्याचं मोकळेपणानं सांगितलं आहे. चेंडूनं विटा फोडायच्या त्या खेळात त्यांनी विटांच्या जागी शत्रू बसवले. त्या शत्रूंचे आकार घेतले ऑक्टोपस, खेकडा आणि माकुळ या समुद्री जीवांवरून. म्हणजे अवकाशातून आलेले हे भयंकर राक्षस मुळात मासळीबाजारातले!

गोंडसपणा कुठून आला?

१९८० साली नामको कंपनीचा 'पॅकमॅन' आला तेव्हा त्याचे निर्माते तोरू इवातानी यांचा हिशेब साधा होता. गेमच्या दुकानांत फक्त पुरुषांची गर्दी असते, तिथं मुलींनी, जोडप्यांनी यावं असं काहीतरी करू या. बंदुकीऐवजी खाणं, राक्षसांऐवजी रंगीत भुतं. 'पॅकमॅन' तुफान चालला आणि गोंडस चेहरा गल्ला भरतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

यात यंत्राच्या मर्यादेचाही भाग होता. मोजक्या ठिपक्यांत आणि मोजक्या रंगांत माणसाचा चेहरा काढायला गेलं, तर धड काहीच दिसत नाही. पण मोठं डोकं, टपोरे डोळे आणि गोल पोट एवढ्यातच ओळखू येतं. सगळ्यांकडे ठिपके तेवढेच, म्हणून सगळ्यांची बाळंही एकाच साच्यातली.

१९८५ साली कोनामीनं दोन गेम आणले. एक गंभीर, एक गोंडस. गंभीर गेम 'ग्रॅडियस'. त्यात शत्रू पाडल्यावर मिळणारे तुकडे साठवायचे आणि पडद्याखालच्या पट्टीवरून हवं ते शस्त्र निवडायचं. गोंडस गेम 'ट्विनबी'. यातलं विमान आडवं नाही, उभं वर सरकतं. त्याला चक्क हात आहेत. ढगांवर गोळी मारली की घंटा बाहेर पडते. त्या घंटेवर पुन्हापुन्हा गोळी मारली की तिचा रंग बदलतो आणि रंगाप्रमाणे बक्षीसही बदलतं. हे दोन्ही गेम 'बबल मेमरी' नावाच्या एकाच प्रकारच्या यंत्रणेवर चालत. ती यंत्रणा थंड असताना सुरूच होत नसे. सकाळी दुकान उघडल्यावर ती तापेपर्यंत पडद्यावर उलटे आकडे मोजले जात आणि तोवर एक प्रसन्न धून वाजत राही. आपल्याकडे पूर्वी वॉल्व्हचा रेडिओ तापायची वाट बघत, तसलाच प्रकार.

माझ्या वयाच्या वाचकांना 'ट्विनबी' नावानं आठवणार नाही, पण पाहिल्यावर नक्की आठवेल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते गेम आपल्याकडे घरोघर आले. सोबतच्या पिवळ्या कार्ट्रिजवर '९९९ गेम्स' असं ठळक लिहिलेलं असे. आत खरे गेम पंधरा-वीसच, बाकी तेच नाव बदलून पुन्हा. या कार्ट्रिजमध्ये 'ट्विनबी' बरेचदा असायचा. मूळ कंपनीला त्यातून दमडीही मिळत नव्हती. मी त्या घंटा तासन् तास वाजवल्या आहेत आणि तो गेम कुणाचा आहे हे मला अनेक वर्षं ठाऊक नव्हतं. भाच्याला उपदेश करायचा माझा अधिकार किती, ते वाचकांनीच ठरवावं.

स्वतःचीच टिंगल

उसनवारीचा सगळ्यात खुसखुशीत नमुना कोनामीच्याच घरात तयार झाला. १९८८ साली 'एमएसएक्स' या घरगुती कॉम्प्युटरवर त्यांनी 'पॅरोडियस' आणला. पॅरडी अधिक ग्रॅडियस म्हणजे पॅरोडियस! १९९० मध्ये तो मोठ्या पडद्याच्या यंत्रांवर आला. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' होऊन विडंबनं लिहिली ती दुसऱ्या कवींची. इथं कंपनीनं स्वतःच्याच सगळ्यात प्रतिष्ठित गेमचं विडंबन केलं. 'ग्रॅडियस'चं ते रुबाबदार यान इथं ऑक्टोपस आणि पेंग्विन यांच्या रांगेत उभं राहतं. ती शस्त्रांची पट्टी जशीच्या तशी आहे आणि वर 'ट्विनबी'च्या रंग बदलणाऱ्या घंटाही आहेत. शत्रू कोण? मांजराच्या तोंडाचं जहाज आणि अमेरिकी झेंड्याची टोपी घातलेला गरुड. संगीत म्हणाल तर चायकोव्हस्कीसारख्या जुन्या पाश्चात्त्य संगीतकारांच्या सुरावटी, पण अशा उड्या मारणाऱ्या की ऐकून हसू फुटावं. ज्या सुरावटींचा कॉपीराइट कधीच संपला आहे, त्या वापरायला परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. कोनामीचे लोक हिशेबाला पक्के!

हा गेम नुसता हसवणारा असता तर विसरला गेला असता. पण तो उत्तम खेळता येतो आणि चांगलाच अवघडही आहे. माझ्या मते सगळ्या गोंडस विमानी खेळांत हाच सर्वांत हुशार.

दुसरं टोक म्हणजे चेटकिणी. १९९१ या एकाच वर्षात जपानात झाडूवरच्या दोन चेटकिणी उडाल्या. सक्सेस कंपनीची 'कॉटन' आणि क्वेस्ट कंपनीची 'मॅजिकल चेस'. कॉटन ही जगाचं भलं करायला निघालेली नाही. तिला फक्त 'विलो' नावाची गोळी खायची आहे, म्हणून ती सगळ्यांशी भांडते. तिच्या गेममध्ये शत्रूकडून स्फटिक पडतात आणि त्यांच्यावर गोळी मारली की रंग बदलतो. ओळखलंत ना? 'ट्विनबी'ची घंटा! 'मॅजिकल चेस'मधली रिपल मध्येच भोपळ्याच्या डोक्याच्या दुकानदाराकडे खरेदी करते. ते दुकान थेट ओपा-ओपाच्या गल्लीतलं. तिच्या आजूबाजूला दोन तारका फिरतात, त्यांचं नातं 'ग्रॅडियस'च्या यानामागे फिरणाऱ्या गोळ्यांशी.

आणि खुद्द चेटकीण? दोनच वर्षं आधी, १९८९ मध्ये, हायाओ मियाझाकी यांचा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हा झाडूवरच्या मुलीचा चित्रपट जपानात प्रचंड चालला होता. त्याहून मागे १९६६ ची 'सॅली' ही टीव्हीवरची जादूगार मुलगी. तिचे चित्रकार मित्सुतेरू योकोयामा यांना ती सुचली 'बिविच्ड' या अमेरिकन मालिकेवरून. म्हणजे जपानी चेटकीण पॅसिफिक ओलांडून आली, पोशाख बदलला आणि पुन्हा गेमच्या रूपानं अमेरिकेला परत गेली.

हे सगळं करणाऱ्यांची नावं मात्र प्रेक्षकांना दिसत नसत. प्रतिस्पर्ध्यानं माणसं पळवू नयेत, म्हणून ऐंशीच्या दशकात अनेक जपानी कंपन्या गेमच्या शेवटी खऱ्या नावांऐवजी टोपणनावं छापत. कल्पना फिरत राहिली, पण ती काढणारा अंधारात. मला विचाराल तर यातला खरा अन्याय हाच. घंटेचा रंग बदलण्याची युक्ती दुसऱ्यानं वापरली म्हणून कुणाचं घर बुडालं नाही.

कोर्टाची पायरी

कायदा काय म्हणतो? १९७८ साली आपल्याच सुप्रीम कोर्टात एक गाजलेला खटला निकाली निघाला. नाटककार आर. जी. आनंद यांचं म्हणणं होतं, की १९५६ च्या 'न्यू दिल्ली' या चित्रपटानं त्यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक उचललं. दोन्हींत प्रांतीयतेचा विषय. कोर्टानं चित्रपटाच्या बाजूनं निकाल दिला. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या प्रकारे मांडली, त्या मांडणीवर असतो.

अमेरिकेतही तत्त्व तेच, पण लक्ष्मणरेषा कुठं आखायची हे दरवेळी नव्यानं ठरतं. १९८२ मध्ये 'पॅकमॅन'शी फार जुळणाऱ्या 'के. सी. मंचकिन'ची विक्री अपील कोर्टाच्या आदेशानं थांबवावी लागली. उलट १९९४ मध्ये कॅपकॉम कंपनीनं 'स्ट्रीट फायटर'ची नक्कल केली म्हणून डेटा ईस्टला कोर्टात खेचलं आणि हात हलवत परतावं लागलं. मारामारीचे ते डावपेच सगळ्यांचेच आहेत, असा तो सूर होता.

अलीकडे मात्र वारं बदललं आहे. २०२४ च्या जानेवारीत 'पालवर्ल्ड' हा गेम आला. गोंडस प्राणी आणि हातात बंदुका! पाहणाऱ्या प्रत्येकाला 'पोकेमॉन' आठवला. सप्टेंबरमध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीनं टोकियोच्या न्यायालयात दावा लावला तो कॉपीराइटचा नव्हे, पेटंटचा. प्राणी सारखे दिसतात याबद्दल नाही, तर खेळाच्या युक्त्यांबद्दल. गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याची रीत 'पालवर्ल्ड'च्या निर्मात्यांनी त्याच वर्षी बदलली आणि २०२५ मध्ये प्राण्याला धरून हवेत तरंगण्याची रीतही बदलली.

हा फरक छोटा नाही. चित्राची नक्कल करू नका म्हटलं, तर दुसरं चित्र काढता येतं. पण १९८५ मध्ये कुणी 'गोळी मारल्यावर रंग बदलणारी वस्तू' अशी पेटंटची पाटी लावून बसलं असतं, तर सहा वर्षांनी कॉटन उडाली नसती. नाण्यांच्या दुकानावर पाटी असती, तर रिपलची खरेदी बंद. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. चार मित्रांनी मिळून काढलेला गेम पहिल्या नोटिशीलाच गुंडाळावा लागतो.

भाच्याला मी पेटंट वगैरे सांगितलं नाही. त्याला फॅन्टसी झोन, डिफेंडर, घंटा आणि चेटकिणी यांची ही सगळी वंशावळ सांगितली. तो ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, ''मग ओपा-ओपा पहिल्यांदा कुणी काढला?'' मी नाव सांगितलं. त्यानं दप्तरातून ते परत आलेलं चित्र काढलं आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं, 'मूळ विमान : योजी इशिई, १९८६'. मग खोडरबर घेऊन विमानाचे पाय पुसले आणि नव्यानं काढले. या वेळी पायांत कोल्हापुरी चपला होत्या.