फोनवरचा सिनेमा : स्वस्त नेमके काय झाले?

खिशातल्या फोनवर चित्रपट काढता येतो, हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की त्यात खरे किती, हे तपासायचे राहूनच जाते. ते तपासण्यासाठी शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा चित्रपट फार उपयोगी पडतो. जानेवारी २०१५ मध्ये तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. एकूण खर्च सुमारे एक लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळच. चित्रीकरण झाले ते आयफोन ५एसवर.

त्या फोनमधला प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे १७ चौरस मिलिमीटरचा. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यात तो ८६४ चौरस मिलिमीटर असतो, म्हणजे जवळजवळ पन्नासपट. सेन्सर लहान असला की अंधारात चित्र दाणेदार होते आणि माणसामागची पार्श्वभूमी सहजी धूसर होत नाही. दुसरी अडचण अशी, की बहुतेक फोनच्या भिंगाचे छिद्र लहानमोठे करता येत नाही. भर उन्हात फोन शटरचा वेग वाढवून प्रकाश आवरतो आणि हालचाल तुटक दिसू लागते. त्यावर उपाय म्हणजे भिंगापुढे काळसर फिल्टर लावायचा. डोळ्यांना गॉगल लावतो तसाच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवावे, नाहीतर चित्र लुकलुकते.

बेकर यांनी फोनचा मनमानी कारभार आधी बंद केला. ‘फिल्मिक प्रो’ या अ‍ॅपने सेकंदाला २४ चौकटींचा वेग, फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण कायम केले. रुंद पडद्यासाठी छोटे अ‍ॅनामॉर्फिक भिंग जोडले, थरथर टाळायला स्टेडीकॅमचा लहान अवतार वापरला. काही दृश्ये चक्क सायकलवरून टिपली. ध्वनी मात्र फोनवर घेतला नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक यंत्रांवर, जाणकार माणसाने मुद्रित केला. चित्रातला दाणा प्रेक्षक शैली म्हणून खपवून घेतो. न कळणारा संवाद खपवून घेत नाही.

म्हणजे स्वस्त झाला तो फक्त कॅमेरा. ध्वनी, संकलन, माणसांचे श्रम आणि वेळ यांची किंमत होती तिथेच राहिली. डॅनी बॉयल यांच्या ‘२८ इयर्स लेटर’ (२०२५) चे बरेचसे चित्रीकरणही आयफोनवरच झाले; पण तो काही गरिबीतला चित्रपट नव्हे.

हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. कॅमेरा आल्यावर फिल्मला भोके पाडायची, ती धुवायची आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, हे काम सरस्वतीबाईंनी केले. ‘राजा हरिश्चंद्र’चा खर्च मांडताना या श्रमांचा आकडा कुठल्या वहीत लिहायचा? आजही फोनवरचा चित्रपट ‘फुकटात झाला’ असे कुणी सांगितले, की मित्रांना आणि घरच्यांना किती दिवस बिनपगारी राबवले, हे विचारायला हवे.

तरीही कॅमेरा स्वस्त होण्याचे मोल कमी नाही. ‘टँजरीन’च्या नायिका म्हणजे लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या दोन ट्रान्स स्त्रिया. त्या भूमिका ट्रान्स स्त्रियांनीच केल्या आणि मेया टेलर यांना त्यासाठी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. मोठा कॅमेरा रस्त्यात उभा राहिला की गर्दी जमते, लोक सावध होतात. फोनकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ज्यांच्यावर पैसे लावायला निर्माता धजावत नाही, त्यांची गोष्ट त्यांच्याच गल्लीत उभे राहून सांगता येते.

म्हणून कुणी तरुण फोन घेऊन चित्रपट काढायला निघाला, तर त्याला नव्या फोनचा सल्ला देऊ नये. आहे तोच फोन पुरेल. उरलेल्या पैशांत आधी चांगला माइक घ्यावा आणि मग सोबत राबणाऱ्यांचे मानधन काढून ठेवावे.