इंजिनातला काळा साका

गार इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. काळं, डांबरासारखं चिकट काही लागलं तर तो स्लज, म्हणजेच साका. तापून तापून ऑइल विटतं, त्यात काजळी, न जळलेलं पेट्रोल नि ज्वलनातलं पाणी मिसळतं. गाडी रोज दोनच किलोमीटर फिरवली तर ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापतच नाही, पाणी आतच राहतं. गॅरेजवाले फ्लशिंग, म्हणजे रसायन घालून साका धुऊन काढणं, सुचवतात. साका थोडा असेल तर ठीक. जाड थर असेल तर सुटलेले गोळे पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइल प्रेशर पडतं, बेअरिंग कोरडी घासतात. त्यापेक्षा इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून जाळी धुतलेली बरी, मजुरी जास्त पडली तरी. इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही बघायला सांगा. तो तुंबलेला असेल तर साका पुन्हा धरतो.