वेळेत होईलच, याचा पुरावा

ज्या संगणकीय प्रणालीत नुसते बरोबर उत्तर पुरत नाही, ते ठरलेल्या मुदतीत यावे लागते, तिला रिअल-टाइम प्रणाली म्हणतात. गाडीचे ब्रेक, विमानाचे नियंत्रण, रेल्वेचे सिग्नल, हृदयाचा पेसमेकर या साऱ्या अशा प्रणाली. त्यांच्यात उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकीचेच धरले जाते. अशी प्रणाली कधीच मुदत चुकवणार नाही, हे चाचण्या घेऊन नव्हे तर गणिताने सिद्ध करणे, म्हणजे तिची औपचारिक पडताळणी. हे काम हाताने करणे अवघड असल्याने त्यासाठी खास सॉफ्टवेअर साधने तयार झाली आणि त्यांच्या घडणीत मुंबई-पुण्याचा वाटा मोठा आहे.

चाचणी का पुरत नाही, हे 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे दिसले. तिथली पॅट्रियट ही क्षेपणास्त्रे अडवणारी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. 0.1 ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. 24 बिटांत ती कापून बसवल्याने दर वेळी अगदी किंचित चूक राहत होती. यंत्रणा सुमारे 100 तास सलग चालू राहिली आणि साचलेली चूक 0.34 सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात येणारे स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून पुढे सरकते. यंत्रणेने ते भलत्याच ठिकाणी शोधले आणि 28 सैनिक मारले गेले. तासा-दोन तासांच्या चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

विहिरीवरची मोटार

पडताळणीची साधने काय करतात, ते समजून घ्यायला लोहा गावाच्या शिवारातील एखाद्या विहिरीवरची पाणबुडी मोटार पुरेशी आहे. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार तशीच चालू राहिली, तर ती जळते आणि भरायला टाकावी लागते. समजा, तिच्या स्टार्टरमध्ये एक छोटा प्रोसेसर बसवला आणि त्याला तीन कामे दिली. पहिले, दर 10 मिलीसेकंदांनी तिन्ही फेज तपासणे. याला 2 मिलीसेकंद लागतात. दुसरे, दर 20 मिलीसेकंदांनी पाण्याची पातळी आणि मोटारीचे तापमान पाहणे. याला 5 लागतात. तिसरे, दर 50 मिलीसेकंदांनी मोबाइलवरून आलेला हुकूम वाचणे. याला 18 लागतात. पहिल्या कामाचा मान सर्वांत वरचा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. वरचे काम आले की खालचे मध्येच थांबते. प्रत्येक काम त्याची पुढची पाळी येईपर्यंत संपलेच पाहिजे. तिसरे काम नेहमी वेळेत होईल का?

1973 मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी अशा प्रश्नाला एक सोपी कसोटी दिली. तीन कामांनी मिळून प्रोसेसरचा 78 टक्क्यांपेक्षा कमी वेळ व्यापला, तर सगळी कामे वेळेत होतात. पण इथे बेरीज 20, 25 आणि 36 मिळून 81 टक्के होते. अशा वेळी ही कसोटी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

नेमके उत्तर 1986 मध्ये मिळाले. मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये प्रतिसाद-काळ, म्हणजे काम आल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, काढण्याचे समीकरण प्रसिद्ध केले. दोघांचेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी जवळचे नाते होते. त्यांची कल्पना साधी आहे. सगळी कामे एकाच क्षणी आली, ही सर्वांत वाईट घडी धरायची. तिसऱ्या कामाला स्वतःचे 18 मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात पहिले काम दोनदा आणि दुसरे एकदा येते, म्हणून हिशेब 27 वर जातो. 27 मिलीसेकंदांत पहिले तीनदा आणि दुसरे दोनदा येते, म्हणून 34. पुढे 36. 36 मध्ये मात्र नवे कुणी येत नाही आणि आकडा तिथेच थांबतो. 36 हे 50 पेक्षा कमी, म्हणजे काम वेळेत होणारच. यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ही रीत पुढे बरीच वाढवली. स्पेनमधील कँटाब्रिया विद्यापीठाचे ‘मास्ट’ आणि फ्रान्समधील ब्रेस्टचे ‘शेडार’ ही साधने आज शेकडो कामांसाठी असे हिशेब करून देतात.

या हिशेबात 18 हा आकडा गृहीत धरला आहे. तो काढणे हे स्वतंत्र काम आहे. आधुनिक प्रोसेसर लागणारी माहिती कधी जवळच्या कॅश स्मृतीतून घेतो, कधी दूरच्या स्मृतीतून आणतो, त्यामुळे एकाच सूचनेला लागणारा वेळ बदलत राहतो. जर्मनीतील ॲबसइंट कंपनीचे ‘एआयटी’ हे साधन प्रोग्रॅम न चालवताच त्याच्या सर्व वाटा तपासते आणि जास्तीत जास्त किती वेळ लागेल, याची वरची मर्यादा देते.

घड्याळ लावलेली यंत्रे

मुदत पाळली जाणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. प्रणाली वेळेत चुकीचे काहीतरी करत नाही ना, हा दुसरा. त्यासाठी तिचे प्रतिरूप रचून सर्व शक्यता तपासतात. या रीतीला मॉडेल चेकिंग म्हणतात. तिच्या पायाभूत कामासाठी क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण वेळ सलग वाहतो आणि घड्याळाच्या शक्य किमती अनंत असतात. त्या सगळ्या कशा तपासायच्या? पुण्यात जन्मलेले राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी 1990 च्या सुमारास यावर वाट काढली. त्यांच्या ‘टाइम्ड ऑटोमॅटा’ या प्रतिरूपात यंत्राच्या अवस्थांना घड्याळे जोडलेली असतात. ज्या किमतींवर यंत्र पुढे सारखेच वागते, त्यांचा एकच गट धरायचा. अशा गटांची संख्या सान्त असते आणि अनंताचा प्रश्न आटोक्यात येतो.

याच पायावर स्वीडनमधील उप्साला आणि डेन्मार्कमधील आल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी 1995 मध्ये एक साधन तयार केले. दोन्ही गावांच्या नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून त्याचे नाव ‘युप्पाल’ ठेवले. त्यात स्टार्टरच्या तीन अवस्था काढता येतील: बंद, थांबलेला, चालू. लाइट आली की घड्याळ शून्यावर आणायचे आणि 60 सेकंद थांबून मोटार सुरू करायची, म्हणजे गावातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार येत नाही. आता युप्पालला विचारायचे: लाइट आल्यावर 60 सेकंदांच्या आत मोटार कधी सुरू होऊ शकते का? घड्याळ शून्यावर आणण्याची सूचना फक्त पहिल्यांदा लाइट आल्यावर दिली असेल, तर साधन ‘हो’ म्हणते आणि घटनाक्रमही दाखवते. लाइट आली, 50 सेकंदांनी गेली, 15 सेकंदांनी परत आली. घड्याळात 65 झालेले असल्याने मोटार लगेच सुरू झाली. लाइट एकदाच आणून पाहणाऱ्या चाचणीत ही चूक सापडत नाही. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेन कंपनीच्या ध्वनी-चित्र उपकरणांत संदेश अधूनमधून हरवत होते. त्यामागची चूकही युप्पालनेच शोधून दिली. 1997 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

किती काळ, याचे तर्कशास्त्र

काही अटी क्षणांच्या नसतात, एकूण काळाच्या असतात. झोउ चाओचेन, टोनी होअर आणि अँडर्स रावन यांनी 1991 मध्ये मांडलेले ड्युरेशन कॅल्क्युलस अशा अटींसाठी आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण गॅस बर्नरचे. अट अशी की, एक मिनिट किंवा त्याहून लांब कोणताही काळ घेतला, तरी त्यातला जास्तीत जास्त विसावा भाग गळतीचा असावा. प्रत्येक गळती एका सेकंदात थांबली आणि दोन गळतींत किमान 30 सेकंदांचे अंतर राहिले, तर ही अट पाळली जाते, हे त्या तर्काने सिद्ध होते. पंड्या यांनी टाटा संस्थेत ‘डीसीव्हॅलिड’ हे साधन तयार केले. ते वेळ ठराविक टप्प्यांत मोजते, अशा अटींचे सान्त यंत्रांत रूपांतर करते आणि अट खरी आहे का ते सांगते. खोटी असेल, तर ती मोडणारे उदाहरणही देते.

महाराष्ट्रात हे काम एका संस्थेपुरते राहिले नाही. जोसेफ पुढे पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास आणि आरेखन केंद्राचे प्रमुख झाले. प्रोग्रॅम तपासणाऱ्या साधनांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकांचे ‘व्हेरिॲब्स’ हे साधन अव्वल साधनांत गणले गेले. पवईच्या आयआयटीतही कालबद्ध यंत्रांवर संशोधन चालते.

पुराव्याची हद्द

या साधनांना दोन मोठ्या मर्यादा आहेत. घटक वाढले की अवस्थांची संख्या गुणाकाराने फुगते आणि मोठा संगणकही अडकतो. दुसरे असे की, पुरावा प्रतिरूपाचा असतो, यंत्राचा नव्हे. प्रतिरूपातला आकडा चुकला, तर पुरावा निरुपयोगी ठरतो. स्टार्टरच्या तिसऱ्या कामाला 18 ऐवजी 25 मिलीसेकंद लागले, तर हिशेब बरोबर 50 वर थांबतो आणि मुदत जेमतेम पाळली जाते. 26 लागले, तर उत्तर 53 येते आणि मुदत मोडते. त्या वेळी प्रोसेसरचा 97 टक्केच वेळ व्यापलेला असतो. तीन टक्के मोकळा वेळ शिल्लक असूनही काम उशिरा होते.