80 किलोमीटर आणि प्रोटॉनचा विसावा हिस्सा

14 सप्टेंबर 2015, सोमवार. पोळा नुकताच सरला होता. दुपारी 3 वाजून 20 मिनिटांनी अमरावती आणि अकोला यांच्यातलं अंतर क्षणभर बदललं आणि पुन्हा पूर्ववत झालं. सरळ रेषेत हे अंतर साधारण 80 किलोमीटर. फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाचा.

सूर्याच्या 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत विलीन झाली होती. त्यात तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्याही आत गुरुत्वीय लाटेच्या रूपात उधळलं गेलं. ती लाट त्या दुपारी सगळ्या पृथ्वीतून, म्हणजे वऱ्हाडातूनही, गेली. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी ती पकडली. त्यांच्या 4 किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक तर प्रोटॉनच्या चारशेव्या हिश्शाइतकाच होता. ज्या लेसरने तो मोजला, त्याची तरंगलांबी या फरकाच्या 26 हजार कोटी पट! 40 किलो वजनाच्या आरशांमध्ये प्रकाश सुमारे 300 वेळा फिरवला, म्हणून हे साधलं. असे क्षीण संकेत गोंगाटातून वेचायचे कसे, याचं गणित पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर 1990च्या सुमारास मांडत होते, हे मराठी घराघरांत माहीत असायला हवं.

त्याच तरंगलांबीचा लेसर हॅम्बुर्गमध्ये वेगळ्याच शोधात आहे. ‘आल्प्स-2’ या प्रयोगात प्रकाश अडवणाऱ्या भिंतीच्या अलीकडे 12 आणि पलीकडे 12 अतिसंवाहक चुंबक आहेत. त्यांचं क्षेत्र 5.3 टेस्ला, आपल्या पायाखालच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखपटीहून जास्त. त्यात एखादा फोटॉन अ‍ॅक्सिऑनसारख्या अज्ञात कणात बदलला, तर तो भिंत ओलांडेल आणि पलीकडे पुन्हा प्रकाश होईल. तिथल्या आरशांत प्रकाश 7 मिलिसेकंद टिकून राहतो. तेवढ्या वेळात तो अमरावती-अकोला अशा 13 फेऱ्या मारेल. मूळ आराखड्यानुसार भिंतीवर रोखायचे फोटॉन सेकंदाला 8 वर 23 शून्यं इतके आणि पलीकडे अपेक्षा दिवसाला एखाद्याची. तो एकच जरी खात्रीने सापडला, तरी, असे कण ज्यात असू शकतात त्या कृष्णपदार्थाच्या कोड्याला हात घालता येईल.

आणि आता गुरुत्वीय लाटा पकडण्याचं काम आपल्या शेजारी येतंय. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशीमनंतर हिंगोलीला थांबते. त्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर, आत हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका दाब असलेली निर्वात पोकळी. तिथे लेसर, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि भूकंपमापन जाणणारी माणसं वर्षानुवर्षं लागतील. अमरावती विद्यापीठात आज भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यासाठी आतापासूनच तयारीला लागावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.