भीड भिकेची बहीण : सहलीआधी शिकवावा असा एक धडा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीची गडबड सुरू होते. संमतिपत्रं, गाडीचं बुकिंग, प्रथमोपचार पेटी, डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र. यादी आपल्याला पाठ असते. पण अनोळखी ठिकाणी कुणी गोड बोलून फसवू लागलं तर मुलांनी काय करायचं, हे त्या यादीत नसतं. माझ्याही यादीत नव्हतं.

आमची सहल अजिंठ्याला गेली होती. तिथे गाड्या टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढचे सुमारे 4 किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. त्या बसकडे जाणारी वाट दुकानांच्या रांगेतून जाते. सातवीतल्या एका मुलाच्या हातात एका माणसाने चमकणारा छोटा दगड ठेवला. "घे बाळा, पैसे नको. तुला भेट. येताना फक्त दुकानात ये." मुलगा खूश. लेणी पाहून परत आलो तर तो माणूस वाट पाहत उभाच! त्याने मुलाला बरोबर ओळखलं. दुकानात मोठा गुलाबी दगड दाखवला आणि मुलाजवळचे दोनशे रुपये गेले. त्या पैशांतून तो बहिणीसाठी काहीतरी नेणार होता.

बसमध्ये तो गप्प होता. मला वाटलं, दमला असेल. दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली तेव्हा सगळं कळलं. मी त्याला विचारलं, "अरे, नको म्हणायचं ना!" तो म्हणाला, "सर, त्यांनी आधी फुकट दिला होता. मग नाही कसं म्हणायचं?"

या एका वाक्यात फसवणुकीचं सगळं शास्त्र आलं.

फसवणूक कशावर चालते?

आपल्याला वाटतं, हावरट किंवा बावळट माणूस फसतो. खरं तर बऱ्याचदा फसतो तो भिडस्त माणूस. आधी काहीतरी फुकट द्यायचं, समोरच्याच्या मनावर ओझं टाकायचं आणि मग ते वसूल करायचं. आपल्या जुन्या माणसांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय : भीड भिकेची बहीण.

ही युक्ती काही आपल्याकडचीच नाही. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर पर्यटकाच्या मनगटाला बोलता बोलता रंगीत दोरा बांधतात आणि मग पैसे मागतात. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एखादा सभ्य दिसणारा माणूस सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे पाठवतो." राजवाडा उघडाच असतो. त्याने ठरवून दिलेली रिक्षा मात्र रत्नांच्या दुकानासमोर जाऊन थांबते. शहर कुठलंही असो, धागे तीनच : भीड, घाई आणि आपलं अज्ञान.

यातल्या अज्ञानावरचा उपाय आपल्या हातात आहे, तोही वर्गातच.

जाण्याआधी माहिती द्या

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. हे ज्या मुलाला माहीत आहे त्याला गुरुवारी "आज बंद आहे" असं कुणी पटवू शकणार नाही. दोन्ही ठिकाणी 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. मोठ्यांसाठीचे दर तिकीट खिडकीच्या फलकावर लिहिलेले असतात.

इथे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "परदेशी माणसाला तिकीट जास्त, मग ही फसवणूक नाही का?" प्रश्न छान आहे, टाळू नका. हा दर योग्य आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तो उघड लिहिलेला असतो, नियमाने ठरलेला असतो आणि त्याचं तिकीट मिळतं. फसवणुकीत दर माणूस पाहून ठरतो आणि पावती मागितली की चेहरा बदलतो. हा फरक मुलांना लगेच समजतो.

दगडाचंही तसंच. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या आहेत आणि त्यांत लाखो वर्षांत खनिजांचे स्फटिक तयार झाले. हे दगड खरंच सुंदर असतात. सिन्नरला त्यांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. पण भडक गुलाबी किंवा झगझगीत निळा दगड बहुतेक वेळा रंगवलेला असतो. भूगोलाच्या तासाला एवढं सांगितलं असतं तर कदाचित ते दोनशे रुपये वाचले असते.

पालकांसाठी पैठणीचं उदाहरण घेऊ. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. 'सेमी पैठणी' म्हणून विकली तर त्यात काही गैर नाही. तीच हातमागाची म्हणून विकणं ही फसवणूक. आणि सिल्क मार्कची खूण फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगते. साडी हातमागावर विणली आहे, असं ती सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे.

वर्गात दहा मिनिटांचं नाटक

एक मूल विक्रेता, एक पर्यटक. बाकीच्यांनी पाहायचं. ही वाक्यं मोठ्याने म्हणून घ्या. मनात म्हणून उपयोग नाही, तोंडाला सवय लागावी लागते.

1. "नको, धन्यवाद." हसून म्हणायचं आणि चालत राहायचं. वस्तू हातात घ्यायचीच नाही.
2. "सरांना विचारून सांगतो." घाईवरचा हा उत्तम उतारा.
3. "किंमत किती? पावती मिळेल का?" वस्तू घेण्याआधी, रिक्षात बसण्याआधी.
4. "तुमचं ओळखपत्र दाखवता का?" स्वतःला गाईड म्हणवणाऱ्याला मोठ्यांनी विचारायचा प्रश्न. मान्यताप्राप्त गाईडकडे ते असतं.

वहीत तीन क्रमांकही लिहून द्या : पर्यटकांसाठी 1363, ग्राहक तक्रारीसाठी 1915 आणि ऑनलाइन पैसे गेले तर लगेच 1930.

फसल्यानंतर काय?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. तो मुलगा दोन दिवस गप्प राहिला, कारण हसतील, ओरडतील ही भीती होती. आणि मी त्याला पहिलं वाक्य काय म्हणालो? "नको म्हणायचं ना!" म्हणजे चूक त्याचीच, असं मीही सुचवलं. आज दोनशे रुपयांसाठी गप्प बसणारं मूल उद्या मोबाईलवर कुणी धमकावलं तरी गप्पच बसेल. म्हणून सहलीआधीच सांगा, "फसलात तर मला येऊन सांगा. मी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.

नाण्याची दुसरी बाजू

एक काळजी मात्र घ्या. मुलांनी प्रत्येक विक्रेत्याकडे चोर म्हणून पाहता कामा नये. लेण्यांजवळ पेरू विकणारी मावशी, योग्य भाडं घेणारा रिक्षावाला, मनापासून इतिहास सांगणारा गाईड हेही तिथेच भेटतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरातली कितीतरी घरं पर्यटकांवर चालतात. आपल्याच वर्गातलं कुणी उद्या गाईड होईल, कुणी दुकान टाकेल. म्हणून नाटकात शेवटी भूमिका बदला. आता पर्यटक परदेशी, त्याला भाषा येत नाही आणि तुम्ही दुकानदार. किंमत काय सांगाल?

आमच्या वर्गात त्या मुलाला मी मुद्दाम दुकानदार केलं. त्याने खडूच्या तुकड्याची किंमत पाटीवर लिहून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. म्हणाला, "सर, म्हणजे कुणाला विचारायला भीड वाटायला नको."

धडा त्याला समजला होता. मला तो जरा उशिरा समजला, तुम्हाला सहलीच्या आधी समजावा म्हणून हे लिहिलं.